माकडाचं साकड

माझी थोरली बहीण एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात खुणा करायच्या, हा तिचा नोकरीभरचा उद्योग. आमचे मेहुणे हयात असताना म्हणायचे, "हिने पहिलं प्रूफ माझं तपासलं. अजून छपाईला परवानगी दिलेली नाही." ताई हसायची नाही. ती म्हणायची, "दुरुस्त्याच इतक्या आहेत."

हे आधी सांगतो, कारण पुढे जे घडले ते तिच्या या कामावाचून नीट कळणार नाही.

तिच्या निवृत्तीच्या सुमारास छापखान्याकडे एका गुरुद्वाऱ्याची पुस्तिका छपाईला आली. लिपी गुरुमुखी. ती तिथे कोणालाच येत नव्हती. मालक म्हणाले, "ताई, अर्थ राहू द्या. मूळ प्रतीतलं अक्षर आणि छापलेलं अक्षर, आकार जुळतो का एवढंच बघा." ताईने ती पुस्तिका चित्रे जुळवावीत तशी तपासली. एकही चूक राहिली नाही. गुरुद्वाऱ्यातून आभाराचा निरोप आला, मालक खूश झाले, ताई मात्र खट्टू.

"मी पास केलं, पण काय पास केलं ते मला ठाऊक नाही," ती मला म्हणाली. "हे न वाचता सही ठोकण्यासारखं झालं. तुमच्या खात्यात चालतं का असं?"

आमच्या हिशेबखात्यात ते सर्रास चालते. 

पुढे मेहुणे गेले, ताई निवृत्त झाली, मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला संसार थाटून राहिला. एके सकाळी ताईने फोनवर सांगितले की तिने विद्यापीठात नाव घातले आहे. विषय शीख अध्ययन. पदव्युत्तर. त्यात इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान आणि संस्कृती असे सगळेच होते.

"या वयात पदवी घेऊन करणार काय?" मी विचारले.

"तू तरुण वयात बी.कॉम. होऊन काय केलंस?"

मी विषय बदलला.

आता भीतीबद्दल सांगतो. आमची आई शेवटच्या वर्षांत विसरत गेली. आधी किल्ल्या, मग शेजारणींची नावे, मग आम्ही. विसरणे एक वेळ सोसता येते. आईचे भयंकर होते ते वेगळेच. तिला आपण चुकतो आहोत हे कळतच नव्हते. ती वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची आणि वाचता वाचता तिथे नसलेले शब्द वाचायची. आम्ही "असा शब्द नाही गं" म्हटले की त्या शब्दाचा अर्थ सांगायची, तोही ठासून. समोरचाच वेडा ठरायचा. आईचे सगळे ताईने केले. मी रविवारी जाऊन बसायचो आणि सोमवारी कामावर पळायचो.

तेव्हापासून ताई स्वतःवर पाळत ठेवून असायची. दाराला कुलूप लावले की ओढून बघायची, जिन्यात थबकायची, परत वर जाऊन ओढायची. "हा आजार आईकडून मुलीकडे उतरतो म्हणे," ती एकदा म्हणाली.

"आणि मुलाकडे?"

"तुझ्याकडे विसरण्यासारखं आहे काय?"

आम्ही दोघे हसलो, पण तिचा हात पदराशी चाळा करत होता. ती घाबरली की तसे करते.

विद्यापीठातला तो विभाग एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. लांबट खोली, मधोमध जोडून ठेवलेली टेबले, भिंतीला पत्र्याची कपाटे, खिडकीच्या काचेवर चिकटपट्टी. आत जाताना डोके झाकायला रुमाल घ्यायचा, कारण टेबलाच्या एका टोकाला पोथ्यांच्या प्रती कापडात गुंडाळून ठेवलेल्या असतात. वर्गात ताई सोडली तर सगळी तिच्या मुलाहून लहान. ती पोरे तिला 'प्रूफताई' म्हणू लागली. विभागप्रमुखांना सगळे ज्ञानीजी म्हणत. पांढरी दाढी, निळी पगडी आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ते ताईला 'ताईजी' म्हणत. त्यांची मराठी सफाईदार होती, फक्त लिंगाचा घोळ व्हायचा. "माझा मराठी आणि ताईजींची पंजाबी," ते म्हणायचे, "दोन्ही एकाच भंगारवाल्याकडची."

पहिले काही महिने ताई हवेत होती. गुरूंच्या चरित्रांच्या जुन्या कथा म्हणजे जनमसाख्या, गुरूंनी शिष्यांना धाडलेले हुकूमनामे, लंगरात सगळ्यांनी एका पंगतीत बसायचे त्यामागचा विचार, असे काय काय ती मला फोनवर ऐकवायची. मी कामात असलो तरी ऐकवायची. मग वाचनाचा तास सुरू झाला आणि तिथे माशी शिंकली.

गुरुमुखीची बरीचशी अक्षरे आपल्या अक्षरांसारखी दिसतात. सोय वाटते, पण तोच सापळा आहे. आपल्या 'म'सारखे दिसणारे अक्षर तिथे 'स' वाचायचे. आपल्या 'प'सारखे दिसते तो तिथला 'ध'. तिथला खरा 'म' डोक्यावर उघडा असतो आणि आपल्याला तो 'भ'चा भाऊ वाटतो. ज्याला कुठलीच लिपी येत नाही तो हे सहज शिकेल. पण जिने सारा जन्म 'म'ला 'म' म्हणून पगार घेतला, तिने काय करावे?

तशात जुन्या पोथ्या लडीवार लिहिलेल्या. म्हणजे शब्दांमध्ये जागाच सोडलेली नाही, फुलांच्या लडीसारखी सगळी अक्षरे एका ओळीत ओवलेली. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचे. छापखान्यात दोन शब्द चिकटले की ताई तिथे लाल रेघ मारायची. इथे सबंध पानच चिकटलेले.

पहिल्याच दिवशी तिने मोठ्याने वाचले, "मरन." तिथे होते, "सरन." म्हणजे आपला शरण.

ज्ञानीजी म्हणाले, "ताईजी, तुम्ही भक्ताला मारून टाकलंत. तो बिचारा शरण आला होता."

वर्ग हसला. ताईही हसली असावी. पण दुसऱ्या आठवड्यात तिने पुन्हा त्याच भक्ताला मारले, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा. मग तिचे फोन कमी झाले. मी संध्याकाळी कामावरून परस्पर तिच्या घरी गेलो, तर ती स्वयंपाकघरात गॅसच्या बटणावर हात ठेवून उभी होती. गॅस बंद होता. तरी ती उभी होती.

"काय झालं?"

"आईसारखं होतंय मला," ती म्हणाली. "शिकवलेलं टिकत नाही. कालचं आज चुकतं. वाचताना वाटतं बरोबर आहे, आणि नसतं. आईलाही वाटायचंच ना बरोबर आहे म्हणून?"

मी तिला खुर्चीत बसवले. धीर कसा देतात ते मला जमत नाही. मला हिशेब जमतात. मी विचारले, "कुठल्या कुठल्या चुका झाल्या ते सांग."

तिने सांगितल्या. घडाघडा, तारीखवार, कोण हसले त्यासकट. सगळ्या त्याच दोन-तीन अक्षरांच्या. 'स'चा 'म', 'ध'चा 'प', 'म'चा 'भ'.

"ताई, आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे," मी म्हणालो. "दोन बाजू जुळत नसल्या आणि फरकाला नऊने भाग जात असला, तर समजायचं की कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. त्रेसष्टचे छत्तीस केलेत. चुकीला शिस्त असली की तिला कारण असतं. तुझ्या चुका शिस्तीच्या आहेत. तुझा डोळा मराठी आहे, एवढंच. दुसरं, तुला तुझ्या चुका पाठ आहेत. आईला एक तरी पाठ होती का?"

तिने उठून चहाचे आधण ठेवले. मग म्हणाली, "बी.कॉम. अगदीच वाया नाही गेलं."

त्यानंतर काही महिने बरे गेले. लघुप्रबंधासाठी तिने एकच शब्द निवडला, 'भउ'. म्हणजे भय. शीख तत्त्वज्ञानात भयाला मोठी जागा आहे; देव निर्भय, आणि त्याच्या भयात राहणाऱ्याला दुसरी भये उरत नाहीत, असे काहीसे. ती मला नीट समजावून सांगायची आणि मी माझ्या कुवतीप्रमाणे समजायचो. वर्गातली पोरे म्हणायची, "प्रूफताईंनी भीतीवर प्रबंध घेतला आणि आता प्रबंधाचीच भीती घेतलीय."

मग माकडाचा प्रसंग घडला.

भाच्याच्या घरी आम्ही दुपारी जमलो होतो. ताईची नात, नुकती अक्षरे ओळखू लागलेली, आजीच्या मांडीवर चित्रांचे पुस्तक घेऊन बसली. ताई गोष्ट वाचत होती. छान वाचते ती, आवाज बदलून. मी आणि भाचा चहा घेत दारात उभे होतो.

"झाडावर बसलं होतं एक साकड," ताई वाचत होती.

नात म्हणाली, "आजी, साकड म्हणजे काय?"

चित्रात फांदीवर भले मोठे माकड बसले होते. शेपटी पानाबाहेर गेलेली.

ताई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "साकडं नाही का घालत देवाला? अडचण आली की? तसंच ते."

"माकड आहे ते," नात म्हणाली आणि खदखदून हसली. "आजीला माकड येत नाही!"

सून हसली नाही. भाच्याने कप खिडकीत ठेवला. मी ताईकडे पाहत होतो. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. चुकीचा शब्द वाचायचा आणि वर त्याचा अर्थ सांगायचा. आमच्या घरात हे आम्ही ऐकलेले होते. त्या दोघांनीही ऐकलेले होते.

खरे सांगायचे तर मीही घाबरलो. मी तिला दिलेला धीर एका बाजूने उभा होता. परकी लिपी वाचताना आपला डोळा आड येतो, इथवर ठीक. पण आपलीच लिपी? लहानपणी गिरवलेला 'म'? त्या फरकाला नऊने भाग कसा द्यायचा?

ताई नातीला खाली ठेवून गॅलरीत गेली. भाचा मला आतल्या खोलीत घेऊन गेला.

"मामा, आता पुरे झालं. आईला मी इकडे घेऊन येतो. तिचं घर बंद करू. ते कॉलेजबिलेज बंद."

"तोंडी परीक्षा जवळ आलीय तिची."

"आजीच्या वेळी आपण असंच म्हणत राहिलो. हे होऊ दे, ते होऊ दे. एक दिवस आजी दुसऱ्याच बसमध्ये बसून गेली. आठवतंय ना?"

आठवत होते. आई सापडली तेव्हा ती कंडक्टरला आपण कुठे निघालो आहोत ते तपशीलवार सांगत होती. तो पत्ता कुठेच नव्हता.

सून दारात येऊन म्हणाली, "मामा, आम्ही काही त्यांना कोंडून नाही ठेवणार. पण त्या एकट्या, गॅस, जिना... मला झोप लागत नाही हो." तिचेही डोळे भरले होते. ती वाईट बाई नाही. तीही घाबरलेलीच होती. त्या घरात त्या दुपारी न घाबरलेले एकच माणूस होते आणि ते माकडाचे पान उलटत होते.

भाचा ताईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी तिला घड्याळ काढायला लावले, काही शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. एक शब्द तिला आठवला नाही. डॉक्टर म्हणाले, या वयाला एवढे चालते, आणि नाहीही चालत. काही काळाने पुन्हा पाहू. असे उत्तर आमच्या खात्यात कोणी दिले असते तर मी फाइल परत पाठवली असती. डॉक्टरांना काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून विभागात गेलो. डोक्याला रुमाल बांधला. ज्ञानीजी कपाटापाशी कापडाच्या गाठी सोडत होते. मी त्यांना सगळे सांगितले. आईचेही.

साकड ऐकून ते आधी मोठ्याने हसले. "वा! म्हणजे लिपी बसली. आमच्या पंजाबी मुलांना मी उलटा, म्हणजे तुमची लिपी शिकवतो तेव्हा तीही असंच करतात. मी स्वतः तुमच्या लिपीतल्या पाट्या वाचायला शिकलो ना, तेव्हा गुरुद्वाऱ्यात एकदा सगळ्यांसमोर उलटं वाचलं होतं. दोन्ही लिप्या डोक्यात एकाच खुर्चीवर बसायला बघतात. भांडण होतं."

माझ्या छातीवरचा दगड हलला. पण त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला.

"हे मी लिपीबद्दल बोललो. मी डॉक्टर नाही. साकड वाचणं ही लिपीची चूक. पण साकडचा अर्थ सांगणं, ते कशाचं, ते मला सांगता येणार नाही."

त्यांनी नेमके बोट ठेवले. मला रात्रंदिवस जे बोचत होते तेच.

मी तिथून ताईकडे गेलो. ती दार उघडेच ठेवून बसली होती. मी ज्ञानीजींचे पहिले वाक्य सांगितले आणि दुसरे गिळले. ती म्हणाली, "उरलेलं सांग."

"कसलं उरलेलं?"

"प्रूफ वाचून जन्म गेला माझा. ओळ मध्येच तुटली की कळतं."

मी सांगितले. तिने मान हलवली. "अर्थ मी का सांगितला, ते मला माहीत आहे. पोरीसमोर चुकले म्हणून लाज वाटली. तोंडातून गेलं ते झाकायला गेले. मला तेव्हा कळलं होतं की मी झाकतेय." ती थांबली. "की आता मागाहून मला तसं वाटतंय? हेच मला ठरवता येत नाही. तुला काय वाटतं?"

मला काहीच वाटत नव्हते. फक्त भीती वाटत होती.

मग तिने स्वतःच भाच्याला फोन लावला. "तोंडी परीक्षेला ये," ती म्हणाली. "माझ्याकडून लडीवार पान वाचून घेणार आहेत, आधी न पाहिलेलं. चुका होतीलच. पण माझी चूक मला कळली, तर मी माझ्या घरी राहीन. चुकून मी तशीच पुढे गेले, तर त्याच दिवशी माझी बॅग भर. मी कुरकुर करणार नाही."

"आई, ही काय शर्यत आहे का?"

"नाही. पण तुला आणि मला दुसरं माप कुठे सापडतंय?"

परीक्षेच्या दिवशी मी आणि भाचा विभागाबाहेरच्या बाकावर बसलो. उकाड्यामुळे दार उघडे होते. आतले सगळे ऐकू येत होते, थोडे दिसतही होते. ज्ञानीजी आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई टेबलाच्या पलीकडे. त्या बाईंचा आवाज बँकेतल्या काउंटरवरच्यासारखा, ना राग ना लोभ. अलीकडे ताई, आमच्याकडे पाठ करून. पदराचे टोक बोटाला गुंडाळलेले. ते मला बाकावरूनही दिसत होते.

"मामा, तुम्हाला ती चुकली तर कळेल का?" भाच्याने कुजबुजत विचारले.

"नाही."

"मग आपण इथे काय करतोय?"

तिने वाचायला सुरुवात केली.  अक्षरामागून अक्षर, मग एक शब्द, मग पुन्हा अक्षरे. छापखान्यात ती अशीच वाचायची, अंदाज बांधायचा नाही, दिसेल तेच उच्चारायचे. एका ठिकाणी तिने शब्द तोडला, जोडला, वेगळ्या जागी तोडला. परीक्षक बाई कागदावर काहीतरी टिपत होत्या. मला भाषा कळत नव्हती, पण कान एकाच शब्दाची वाट पाहत होते. तो पानात असेल की नाही हेही मला ठाऊक नव्हते.

तो आला. "मरन," ताई म्हणाली, स्पष्ट.

आणि पुढे गेली.

भाच्याने माझे मनगट धरले. मी त्याला त्या शब्दाची गोष्ट सांगितली होती. कुणास ठाऊक, इथे खरेच 'मरन' असेल. मी ज्ञानीजींच्या चेहऱ्याकडे पाहिले. ते टेबलाकडे बघत होते. त्यांची बोटे दाढीत अडकल्यासारखी थांबली होती. मला कळले, तिथे 'मरन' नव्हते.

ताईने आणखी दोन शब्द वाचले. आणखी एक. मी मनातल्या मनात तिची बॅग भरायला घेतली. तिचा चष्मा, तिची गोळ्यांची डबी.

"थांबा," ताई म्हणाली.

परीक्षक बाईंनी वर पाहिले.

"मागे जाते. मी 'मरन' वाचलं. ते 'सरन' आहे. पुढचा शब्द 'आलो' अशा अर्थाचा आहे. मरायला आलो असं कुणी म्हणत नाही, शरण आलो म्हणतात. चुकलं माझं."

"मग पुन्हा वाचा," बाई म्हणाल्या.

तिने ओळ पुन्हा वाचली. भाच्याने माझे मनगट सोडले. त्यावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

पुढे प्रबंधावर प्रश्न झाले. बाईंनी विचारले, "'डर' आणि 'भउ' यांत फरक काय?"

"डर माणसाला पळवतो. भउ जागेवर धरून ठेवतो."

"हे पुस्तकातलं उत्तर झालं."

"हो, पुस्तकातलंच आहे," ताई म्हणाली. "मला स्वतःला अजून डरच वाटतो."

आतून पहिल्यांदाच हसण्याचा आवाज आला. परीक्षक बाईंचा.

ताई द्वितीय श्रेणीत पास झाली. भाचा म्हणाला, "राहा तू तुझ्या घरी. पण रोज फोन." सुनेने गॅसला आपोआप बंद होणारे यंत्र बसवून दिले. ताईने त्यावरही एकदा हात ठेवून पाहिले, ते खरेच बंद करते का म्हणून.

सगळे सुखरूप पार पडले असे मी म्हणेन, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असेल. मलाही तसे म्हणायला आवडले असते. पण परीक्षेनंतर आम्ही दोघे पायी घरी निघालो तेव्हा ताई म्हणाली, "आज मी 'थांबा' म्हणाले. आई कधीच म्हणाली नाही. एक दिवस मीही म्हणणार नाही, आणि तेव्हा मला भीतीसुद्धा वाटणार नाही. त्या दिवशी तू म्हण."

"मी कसं म्हणणार? मराठीत चुकलीस तर कळेल. पण तू दिवसभर वाचतेस ती लिपी मला कुठे येते?"

"मग शीक. निवृत्त होऊन नाहीतरी काय करणार आहेस?"

तेव्हापासून शनिवारी दुपारी मी ताईच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मुलांच्या बाराखडीचे पुस्तक वाचतो. 'ध'ला 'प' म्हणतो, 'स'ला 'म' म्हणतो. ताई भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता, माझ्या चुका काढते. "डोळे ऑफिसात ठेवून आलास का?" म्हणते. तिने चूक काढली की माझ्या जिवाला थंडावा मिळतो. खरे तर आता मला अक्षरे बऱ्यापैकी येतात. मी अधूनमधून मुद्दाम चुकतो. ती पकडते आणि मुद्दाम चुकल्याबद्दल वेगळे बोलते.

मागल्या शनिवारी मी एक शब्द असाच मुद्दाम चुकीचा वाचला. ताई काही बोलली नाही. मी पुढचा शब्द वाचला, त्याच्या पुढचाही वाचला. नळ चालू होता. तिची पाठ माझ्याकडे होती, हात ताटावर फिरत होता. मी ओळ संपवली. पान उलटायला बोट उचलले आणि ते तिथेच राहिले. मला 'थांब' म्हणायला हवे होते. 

तिने नळ बंद केला. ताट निथळत ठेवले.

"मागची ओळ पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी वाचली. या वेळी बरोबर वाचली.

"मघाशी असं नव्हतं वाचलंस," ताई म्हणाली आणि दुसरे ताट उचलले.